लास्ट सीन 3.10

व्हायवाच्या आदल्या रात्री आमच्या मजल्यावर जवळजवळ सगळ्या खोल्यांचे दिवे चालू असतात. खालून राउंड मारणाऱ्या रेक्टर सरांना वाटत असेल, काय अभ्यास करतायत पोरं! आतली गोष्ट वेगळी. जर्नल उघडं, पेनचं टोपण काढलेलं आणि अंगठा मात्र मोबाइलवर. 'पाचच मिनिटं' म्हणून उघडलेलं इन्स्टाग्राम तीनला बंद होतं. सकाळी कुणालाही विचारा, उत्तर एकच, "काल झालंच नाही राव काही!" काय पाहिलं ते आठवत नाही, पण मूड गेलेला असतो.

मी काही वेगळा नाही. परवा मोबाइलमधला स्क्रीन टाइम बघितला आणि गुपचूप बंद केला. तो आकडा इथे छापणार नाही, घरी अंक जातो.

आता यावर उपाय काय? सगळ्यात आधी सुचतो तो म्हणजे वायफाय बंद करा. हा प्रयोग जुना आहे. मार्च 2007 मध्ये पवईच्या आयआयटीने हॉस्टेलमधलं इंटरनेट रात्री 11 पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायचं ठरवलं होतं. पोरं रात्रभर नेटवर असतात, सकाळच्या लेक्चरला येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत, ही तक्रार. तो ऑर्कुटचा जमाना. तेव्हा निदान नेटची वायर संस्थेच्या हातात होती. आता प्रत्येकाच्या खिशात डेटा पॅक आहे. वायफाय बंद केलं तर पोरं झोपणार नाहीत, रिचार्ज मारतील.

आणि मुळात रोग किती तासांचा आहे, की कशाचा आहे? फेसबुक 2004 मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि पुढच्या दोनेक वर्षांत अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात पोचलं. सगळीकडे एकाच दिवशी नाही. म्हणजे संशोधकांना आयताच कंट्रोल ग्रुप मिळाला! ज्या कॉलेजात फेसबुक आलं तिथल्या मुलांची मनःस्थिती, ते अजून न आलेल्या कॉलेजांच्या तुलनेत बिघडली, असा निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त फटका कुणाला? कॅम्पसबाहेर राहणाऱ्यांना, घरची परिस्थिती बेताची असणाऱ्यांना. थोडक्यात, ज्याला आधीच वाटतं की 'सगळे मजेत आहेत, मीच मागे पडलोय', त्याला. कारण म्हणून लेखकांनी बोट ठेवलंय ते तुलनेवर.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे गॅदरिंगच्या पाहुण्यांचं भाषण होईल. 2019 मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी किशोरवयीन मुलांचे मोठमोठे सर्व्हे तपासले. मुलामुलांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे 'मोबाइलने पिढी बरबाद केली' हे काही खरं नाही. पण हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे. सरासरीत सगळा मजला पास असतो, एखाद्याची केटी त्यात दिसत नाही.

गेल्या प्लेसमेंटची गोष्ट. रिझल्ट लागला आणि अर्ध्या तासात लिंक्डइनवर 'हॅपी टू शेअर' सुरू झालं. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. मीही दोन खोल्या पलीकडच्या मित्राला 'काँग्रॅट्स भावा' टाइप केलं. दहा पावलं चालून गेलो नाही. आणि शेजारच्या खोलीतल्याला, ज्याचं त्या दिवशी काहीच झालं नव्हतं, त्याला काय लिहायचं ते न कळून काहीच लिहिलं नाही. दार बंद होतं. सकाळी त्याचं लास्ट सीन बघितलं, 3.10. आम्हा सगळ्यांच्या पोस्ट त्याने एकट्याने वाचल्या होत्या. मधे फक्त एक भिंत होती, आणि मी जागाच होतो. तो मेसमध्ये आला तो तिसऱ्या दिवशी. "काय रे, दिसला नाहीस?" असं विचारायची माझीच लाज वाटली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की भांडण मोबाइलशी नको. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज 10 मिनिटंच वापरायचं होतं. त्यांचा एकटेपणा आणि निराशा कमी झाली. बंदी नव्हती, मापात होतं.

आपल्याकडे हे करायचं तर दोन गोष्टी लगेच होतील. बी.ई.च्या पोरांनी ठरवावं की ज्या दिवशी कंपनी येते त्या दिवशी ऑफरची पोस्ट नाही. पार्टी करा, नाचा, आईला फोन करा. पोस्ट आठवड्याने टाकली म्हणून पॅकेज कमी होत नाही. ज्याचं झालं नाही त्याच्या दारावर त्या रात्री कुणीतरी थाप मारायची, टपरीवर न्यायचं. बोलायलाच पाहिजे असं काही नाही.

दुसरी विनंती स्टाफला. सर, मॅडम, 'मोबाइल कमी वापरा' हा मेसेजही आम्हाला व्हॉट्सअॅपवरच येतो! सबमिशनची तारीख, लेक्चर कॅन्सल, मेसची सुट्टी, सगळं ग्रुपवर, तेही रात्री अकराला. एक नोटीस बघायला फोन उघडला की पुढचा तास गेलाच. रात्री नऊनंतर ग्रुपवर काही टाकू नये आणि नोटिसा पुन्हा बोर्डावर लावाव्यात. बोर्ड जिन्याखाली अजून आहे. फक्त काच फुटलीय, तेवढी बसवून घ्यावी.