मल्हारीचे नाव, पेशव्यांचा नाच

कंधारच्या पंचक्रोशीत ‘मल्हारी’ म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांपुढे येई ते माळेगाव. पूर्वी कंधार तालुक्यात आणि आता लोहा तालुक्यात असलेल्या या गावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो, भंडारा उधळला जातो. आज मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात हा शब्द ध्वनिक्षेपकावर येताच मुलांना आठवतो तो ‘बाजीराव मस्तानी’मधला रणवीर सिंगचा नाच! संजय लीला भन्साळी यांचा हा चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजी, म्हणजे मार्गशीर्षातच, प्रदर्शित झाला, हा योगायोगही मोठा विलक्षण.

त्या चित्रफितीत आहे काय? विजयाच्या उन्मादातील पेशवा मध्यभागी, त्याच्याभोवती सैनिकांच्या रांगा, सर्वांचे हात-पाय एकाच ठेक्यावर, सर्वांची तोंडे कॅमेऱ्याकडे. गणेश आचार्य यांचे नृत्यदिग्दर्शन चपळ आहे आणि नटाचा उत्साह अफाट आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दैवताचे नाव पुकारून लगेच आजच्या मुंबईच्या नाक्यावरची बोली पेशव्याच्या तोंडी घालणे, याला इतिहास म्हणावे की भक्ती? गीतातून मल्हारी काढून दुसरा कोणताही शब्द बसवला, तर नाचातील एक पाऊलही बदलावे लागणार नाही. आक्षेपाचे खरे मूळ येथे आहे.

मराठवाड्याला तरी हा बाजीराव परका नाही. वैजापूरजवळच्या पालखेड येथे फेब्रुवारी १७२८ मध्ये त्याने निजामाला कोंडले, तेही जवळपास रक्तपाताविना. बाजीरावाने सतत हुलकावण्या दिल्या. पाठलागासाठी निजामाला अवजड तोफखाना मागे ठेवावा लागला. शेवटी पाणी आणि रसद तुटली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. हजारो घोडेस्वारांची ती शिस्तबद्ध हालचाल हेच बाजीरावाचे खरे पदन्यास! ज्या कंधारला निजामी अंमल सप्टेंबर १९४८ पर्यंत सोसावा लागला, तेथल्या मुलाला पालखेड ठाऊक नसावे आणि पडद्यावरची ती पावले मात्र तोंडपाठ असावीत?

‘पिंगा’ गीताचीही तीच कथा. काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचवल्याबद्दल पेशव्यांच्या वंशजांनी २०१५ मध्येच हरकत घेतली होती. येथे मस्तानीला दूषण देण्याचे प्रयोजन नाही. तिच्यावर समकालीनांनी केलेला अन्याय पुरेसा आहे. प्रश्न खेळाचा आहे. मंगळागौरीचा पिंगा नववधू आणि तिच्या सख्या घरात एकमेकींसाठी खेळतात, दम लागेपर्यंत खेळतात. तेथे प्रेक्षक नसतो. रेमो डिसूझा यांच्या रचनेत मात्र प्रत्येक गिरकी प्रेक्षकासाठीच आहे.

अर्थात सगळा दोष मुंबईच्या माथी मारून सुटका नाही. वाघ्या-मुरळीच्या परंपरेतील मुली देवाला सोडण्याची प्रथा संपली, ते योग्यच झाले; पण तिच्याबरोबर दिमडी, तुणतुणे आणि रात्रभराचे जागरणही सुशिक्षित घरांनी अडगळीत टाकले. ती रिकामी जागा चित्रपटाने व्यापली. स्नेहसंमेलनाचे गीत भन्साळी निवडत नाहीत, शिक्षक आणि पालक निवडतात. दिमडी वाजवणारे हात या भागात अजून आहेत; मुलांना चार दिवस शिकवण्यासाठी त्यांना सन्मानाने बोलवावे लागेल आणि ध्वनिक्षेपकवाल्याला देतो तेवढे मानधन त्यांनाही द्यावे लागेल.