हातोडा पडल्यानंतर

स्थानिक चित्रकारांची व्यक्तिचित्रे नाट्यगृहात मांडून त्यांचा लिलाव करणे म्हणजे कलेचा बाजार, असा आक्षेप घेतला जातो. कोल्हापूरने तरी तो घेऊ नये. नाटकांचे पडदे रंगविणे हाच बाबूराव पेंटरांचा आरंभीचा व्यवसाय होता. खरा प्रश्न हातोडा पडल्यानंतरचा आहे. पाच हजारांना गेलेले चित्र पुढे लाखाला विकले गेले, तर चित्रकाराच्या पदरी काय पडते? कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५३ अ दहा हजारांवरील पुनर्विक्रीत त्याला वाटा देते, कमाल दहा टक्के. परंतु चित्र कोणाच्या हाती गेले हेच ठाऊक नसेल, तर तो मागायचा कोणाकडे? आयोजकांनी प्रत्येक खरेदीदाराची नोंद ठेवून तिची प्रत चित्रकारास द्यावी. नाट्यगृहाच्या भाड्याची पावती ते जपून ठेवतातच!