धूसर क्षितिजाचा आग्रह

उड्डाणाच्या सिम्युलेटरमधील आकाश खरे दिसावे, ही मागणी केवळ हौशी मंडळींच्या नेत्रसुखासाठी आहे असे समजून जे तिची बोळवण करतात, त्यांनी 16 जुलै 1999 च्या रात्रीची हकीकत अवश्य वाचावी. त्या रात्री अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ, अंधारात आणि धुरकट हवेत, धाकटे जॉन केनेडी चालवीत असलेले लहान विमान अटलांटिकमध्ये कोसळून त्यांच्यासह तिघे दगावले; दिशाभ्रमामुळे वैमानिकाचा विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष सरकारी चौकशीअंती दफ्तरी नोंदला गेला.

तेव्हा क्षितिज रेखीव काढणे म्हणजे ते खरे काढणे नव्हे. जुन्या सिम्युलेटरांत निळ्या घुमटाखालची जमीन सुरीने कापल्यासारखी संपत असे. वास्तविक 35,000 फुटांवरून क्षितिज सुमारे 370 किलोमीटर दूर असते, आणि एवढ्या हवेतून येणारा प्रकाश रेणूंवर विखुरत, धूलिकण व बाष्प यांनी फिकटत येत असल्यामुळे तेथे बहुधा रेषेऐवजी पांढुरका पट्टाच दिसतो. हे विकिरण आगाऊ गणित करून कोष्टकांत साठविण्याची एरिक ब्रुनेटन व फाब्रिस नेरे यांची रीत 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि सूर्यास्ताचे रंग चित्रकाराच्या मर्जीवर न राहता भौतिकशास्त्राच्या अमलाखाली आणणे सुकर झाले.

तरीही निर्मात्यांचा ओढा सोनेरी ढगांकडेच अधिक दिसतो, याचा मला मनापासून खेद वाटतो. ज्या हवेत शिकाऊ वैमानिकाने बाहेरचा भरवसा सोडून उपकरणांकडे नजर वळविली पाहिजे, ती मळकट, क्षितिजहीन हवा सिम्युलेटरने प्रथम हुबेहूब दाखवावी; देखण्या सूर्यास्तांची तजवीज त्यानंतर करावी.