विद्यार्थी हाही कामगारच!

कामगार बंधूंनो,

पोरं संपावर गेली की आपल्या चाळीतसुद्धा म्हणतात, "शिकायचं सोडून ह्यांना युनियन कशाला?" आम्ही विचारतो, मालक तरी आपल्याला दुसरं काय विचारत आला?

फ्रान्स देशाकडे पाहा. तिथल्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय युनियन १९०७ साली उभी राहिली. तिला थोडक्यात युनेफ म्हणतात. १९४६ साली ग्रनोबल शहरी तिने ठणकावून सांगितलं की, विद्यार्थी हा बुद्धीने राबणारा तरुण कामगार आहे. कामगार म्हटलं की कामगाराचे हक्कही आले. १९४८ साली कायदा झाला आणि आजारी विद्यार्थ्याला सरकारी विम्याचा आधार मिळाला.

पुढे २००६ साली पंतप्रधान व्हिलपँ यांनी नवा कायदा आणला. २६ वर्षांखालच्या नोकराला पहिली २ वर्षं कारण न सांगता काढून टाकायची मालकाला मुभा! बदलीवाल्याला ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको. युनेफ आणि कामगारांच्या युनियन एकजुटीने उठल्या. २८ मार्चला रस्त्यावर माणूस मावेना. सरकारी मोजणीनेच १० लाखांवर, युनियनच्या मोजणीने ३० लाख! १० एप्रिलला सरकारने माघार घेतली.

तेव्हा हक्क मागणाऱ्या पोरांना दटावू नका. आजचा विद्यार्थी उद्या साच्यावर नाहीतर टेबलावर आपल्याच शेजारी राबणार आहे. आज त्याचा हक्क गेला, तर उद्या आपला राहील काय? त्यांचा मोर्चा निघेल तेव्हा आपण पाठीशी नव्हे, खांद्याला खांदा लावून उभे राहू!