लपलेलं पाप कोणाचं?

परवा रात्री यवतमाळहून भाचीचा फोन. वय वर्षं चौदा. "आत्या, तरुणांच्या शिबिराला जायचंय. एका कागदावर आपली लपवलेली पापं लिहून आणायला सांगितलीत. मला फारसं काही सापडत नाहीये गं. काय लिहू?"

मी खो खो हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू पार गेलं, आणि बरेच महिने बंद पडलेला हा ब्लॉग आज उघडून बसलेय. (फोनबद्दल लिहायची परवानगी भाचीकडून घेतली आहे.) आपल्या घरातली निम्मी मंडळी हे वाचतात, त्यातले काही चर्चच्या कमिटीवरही आहेत. रागवायचं तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून रागवा.

ज्यांना आमचं यवतमाळ फक्त कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळेच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे फ्री मेथडिस्ट मिशनचं काम फार जुनं. १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी तिथेच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. पाळक घडवणारं गाव ते! पवित्र जीवन, पश्चात्ताप, पापकबुली हे शब्द आम्ही वरणभाताबरोबर खाल्ले. त्यामुळे हे बाहेरच्या कोणाचं टीकाटिपण समजू नका. घरातलंच भांडण आहे.

तर शिबिर. माझंही झालं होतं, पंधराव्या वर्षी. कोणत्या मंडळीचं, कुठे, ते सांगणार नाही. शेवटच्या रात्रीचा संदेश ठरलेला, आखानाची गोष्ट. यहोशवाच्या पुस्तकातला सातवा अध्याय. यरीहोच्या लुटीतला एक झगा, चांदी आणि सोन्याची वीट आखानाने आपल्या तंबूत पुरून ठेवली. एकाच्या पापामुळे सगळे इस्राएली लढाईत हरले. शेवटी त्याला घरच्यांसकट दगडमार झाला. मग उपदेशकांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्या तंबूत काय पुरलंय?" मागे पेटी हळूहळू वाजत होती. दिवे मंद. माईक फिरायला लागला.

मीही उठले. संडेस्कूलच्या दानातले पाच रुपये मी आइसकांडीत उडवले होते, ते हुंदके देत सांगितलं. सगळे "हालेलुया" म्हणाले. बाईंनी पोटाशी धरलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पण गंमत बघा, ते पाच रुपये परत कर असं मला कोणीच म्हटलं नाही. आणि मीही आजतागायत केलेले नाहीत.

माझ्यानंतर एक मुलगी उठली. (तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं गाळलंय.) ती म्हणाली, "माझ्याकडून घाणेरडं पाप झालंय." पुढे जे अडखळत सांगितलं त्यात तिने काही केलेलंच नव्हतं. नात्यातल्या एका मोठ्या माणसाने तिच्याशी जे केलं होतं, ते ती आपलं पाप म्हणून सांगत होती. उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. प्रभू, हिला क्षमा कर! तिला. त्याला नाही. त्याच्याकडे कोणी गेलं नाही. शिबिर संपलं, एसटीत बसून आम्ही घरी आलो, आणि आठवडाभरात गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती स्वयंपाकघरात त्या पोरीची "साक्ष" पोचली होती. तो माणूस पुढच्या रविवारी नेहमीच्याच बाकावर बसला होता.

आता सांगा, लपलेलं पाप कोणाचं होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. कबुली ही ज्याचा अपराध केला त्याच्याकडे आणि देवाकडे द्यायची गोष्ट आहे. माईक तिला गावच्या मालकीची करतो. आणि लेकरांकडून पापांची यादी मागणारे मोठे आपली यादी कधी वाचत नाहीत.

शास्त्र काढायचं तर पूर्ण काढा ना! फक्त आखानच का? नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तो सत्तेवर बसलेल्या राजाला त्याचं पाप दाखवायला. बथशेबेला उभं करून कबुली घ्यायला तो गेला नव्हता. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो की भावाने अपराध केला तर आधी त्याच्याशी एकट्याने बोल. आणि जक्कय? त्याने तर थेट हिशेबच मांडला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. "एकमेकांजवळ" कबुली द्या असं याकोब लिहितो, हे मला ठाऊक आहे. पण एकमेकांजवळ म्हणजे दोन्ही बाजूंनी. आमच्या शिबिरात एकाही मोठ्या माणसाने स्वतःचं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

आणि आपण मेथडिस्ट म्हणवतो ना? जॉन वेस्लीने १७३८ साली आपल्या छोट्या गटांचे नियम लिहिले, ते याकोबाच्या त्याच वचनावर. त्यात बायकांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे. येणाऱ्याला आधी विचारायचं की तुझे दोष तोंडावर सांगितलेले तुला चालतील का. आणि पुढारी आधी स्वतःची अवस्था सांगणार, मग बाकीचे. रोमन कॅथलिकांना आपण फार नावं ठेवतो, पण गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात त्यात ऐकलेलं फोडायची धर्मगुरूला सक्त मनाई आहे. फोडलं तर तो बहिष्कृत होतो. आपल्याकडे फोडणाऱ्याला प्रार्थनेचे विषय सांगणारा म्हणतात!

कोणी म्हणेल, मग केडगावचं काय? १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्तीमधल्या मुली रडून रडून पापं कबूल करत होत्या, तेही खोटं का? मी तसं म्हणणार नाही. पण रमाबाईंनी त्यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून, वैधव्यातून उचलून आणल्या होत्या. बाई त्यांच्याबरोबरच राहत होत्या. मुलीने रात्री काही सांगितलं तर सकाळी तिच्याजवळ बसायला माणूस होतं. तीन दिवसांचं शिबिर घेऊन परत जाणाऱ्यांनी मुक्तीचा दाखला देऊ नये.

कबुलीच बंद करा असंही मी म्हणत नाही. केरळात काही धर्मगुरूंनी कबुलीचा वापर करून एका बाईचं शोषण केल्याचे आरोप झाले, तेव्हा २०१८ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने तशी शिफारस केली होती. मला ती पटली नाही. मनातलं ओझं कोणाजवळ तरी उतरवता आलं पाहिजे. न बोलता कुढणाऱ्या माणसांचं काय होतं हे यवतमाळ जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही.

पण ऐकणाऱ्यावर जबाबदारी येते, आणि आता ती कायद्यानेही येते. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यातून पाळकाला सूट नाही, कमिटीला नाही, मामा-काकांना तर नाहीच. शिबिराच्या कागदावर छापायचंच असेल तर वर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर छापा, आणि खाली लिहा की तुझ्याशी कोणी वाईट वागलं असेल तर ते तुझं पाप नाही. मग बघा किती तंबूंमधून काय काय निघतं. आणि कोणाच्या.

असो. भाचीला मी परत फोन केला. म्हटलं, कागद कोरा ने. ज्याचं काही चुकवलं असशील त्याला एकटीने जाऊन सांग. आणि तुझं कोणी चुकवलं असेल तर मला सांग, रात्री दोन वाजता का होईना. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने एक गोष्ट सांगितली. काय, ते इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "सांगितलं ज्याचं त्याला. रागावले थोडे. पण झालं."

आता माझं राहिलं. नाताळात यवतमाळला येतेय. संडेस्कूलच्या दानात एक पाकीट टाकणार आहे. वीस रुपये, जक्कयाच्या हिशेबाने.

कमिटीवाल्या मंडळींनो, तुमचं पाकीट?