डॉक्टरांची वेबसाइट हाही दवाखानाच

मध्यम शहरातल्या एखाद्या आयव्हीएफ सेंटरची वेबसाइट उघडून बघा. वर गुटगुटीत बाळाचा फोटो, खाली ‘अपॉइंटमेंट घ्या’ असं बटण, बटण दाबलं की फॉर्म. नाव, मोबाइल नंबर, वय, लग्नाला किती वर्षं झाली, आधी गर्भपात झालाय का. शेवटी मोकळा चौकोन : तुमची अडचण थोडक्यात लिहा. बायका लिहितात. सासरी कुणाला सांगितलेलं नसतं, माहेरी आईला अर्धंच सांगितलेलं असतं, ते सगळं त्या चौकोनात उतरतं. कारण पलीकडे डॉक्टर आहेत, असं त्या धरून चालतात.

पलीकडे डॉक्टर क्वचितच असतात. वेबसाइट बनवण्याचं काम करणाऱ्या एका स्नेह्याला शेजारी बसवून मी असे फॉर्म नेमके जातात कुठे, ते समजून घेतलं. सर्वसाधारण चित्र असं. फॉर्ममधला मजकूर क्लिनिकच्या ईमेलवर जातो आणि तो ईमेल रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडा असतो. दुसरी प्रत वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये साठत राहते. तिचा पासवर्ड वेबसाइट करून देणाऱ्या एजन्सीकडे. एजन्सी बदलते, पासवर्ड तोच राहतो. तिसरी प्रत जाहिरातीचं काम बघणाऱ्यांच्या शीटमध्ये, आणि तिथून ‘मॅडम, तुम्ही चौकशी केली होती’ म्हणून फोन येतो. घरात तो फोन कुणी उचलला, याची कुणाला फिकीर नसते. या सगळ्या साखळीत मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेला, गुप्तता पाळायला बांधील असलेला माणूस एकच, आणि बहुधा त्यालाच ही साखळी ठाऊक नसते.

फॉर्म भरलाच नाही, पान नुसतं वाचून बंद केलं, तरी सुटका नाही. फेसबुकवर जाहिरात देणाऱ्याला मेटा कंपनी कोडच्या काही ओळी देते, त्यांना पिक्सेल म्हणतात. जाहिरात बघून वेबसाइटवर कोण आलं ते कळावं, म्हणून त्या ओळी वेबसाइटमध्ये घातल्या जातात. पान उघडलं की ब्राउझर मेटाच्या सर्व्हरला कळवतो, की अमुक पत्त्याचं पान या ब्राउझरवर उघडलं. आता गूगलमध्ये वर दिसावं म्हणून या पानांचे पत्ते मुद्दाम सविस्तर ठेवलेले असतात. आजाराचं नाव, उपचाराचं नाव, गावाचं नाव, सगळं पत्त्यातच. म्हणजे पत्त्याबरोबर आजारही पोचला. त्याच ब्राउझरमध्ये फेसबुकचं खातं उघडं असेल, तर हा आजार कोण शोधत होतं तेही जुळवता येतं. स्नेह्याने ब्राउझरमधली नेटवर्कची यादी उघडून हे सगळं ओळीने दाखवलं : एक ओळ मेटाची, काही गूगलच्या, एक चॅटचं बटण पुरवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीची. तोवर आम्ही पानावर कुठेही क्लिकसुद्धा केलं नव्हतं.

यात बिघडलं काय, असं विचारणारे भेटतात. ज्या घरात एकच मोठा फोन आहे, त्या घराचा विचार करा. दुपारी सुनेने गुपचूप एक पान वाचलं. रात्री त्याच फोनवर दीर क्रिकेटचे व्हिडिओ बघतोय आणि मध्येच वंध्यत्वाच्या उपचारांची जाहिरात येते. मनोविकारतज्ज्ञाचं पान वाचणारा नोकरदार, गुप्तरोगाच्या तपासणीचे दर बघणारा कॉलेजचा मुलगा, यांचीही तीच गत. दवाखान्याची पायरी चढण्याआधीच त्यांची गोष्ट बाहेर गेलेली असते.

अमेरिकेत यावर बराच गदारोळ झाला. ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने जून २०२२ मध्ये तिथली शंभर नामांकित रुग्णालयं तपासली, तेव्हा ३३ रुग्णालयांच्या वेबसाइटवरून अपॉइंटमेंटच्या पानावरची माहिती फेसबुककडे जात असल्याचं आढळलं. पुढच्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्सला १५ लाख डॉलर दंड लावला, आणि ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्या बेटरहेल्पला ७८ लाख डॉलर मोजायला लावले. दोघांवर ठपका एकच : आरोग्याची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक वगैरेंना दिली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २० ट्रस्टांच्या वेबसाइटवर हाच पिक्सेल सापडला. तिथे कुणी खलनायक नव्हता. जाहिरात नीट पोचावी म्हणून कुणीतरी कोड घातला आणि विसरून गेलं. आपल्याकडे वापरतात तो कोडही तोच.

गुप्ततेचा नियम आपल्या डॉक्टरांना नवा नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमावलीत, तो स्पष्ट आहे : व्यवसाय करताना कळलेलं पेशंटचं गुपित न्यायालयाचा आदेश, कुणाला असलेला गंभीर धोका किंवा सरकारला कळवावे लागणारे आजार सोडून कुठेही फोडायचं नाही. ओळख पटेल असा पेशंटचा फोटोसुद्धा परवानगीशिवाय छापायचा नाही. एचआयव्हीसाठी आणि मानसिक आजारांसाठी २०१७ मध्ये आलेल्या स्वतंत्र कायद्यांनी हे बंधन आणखी घट्ट केलं. पण ही सारी तत्त्वं तपासणीच्या खोलीत वाढली. ती वेबसाइटलाही लागू आहेत, हे अजून डोक्यात उतरलेलं नाही. एरवी पेशंटच्या नातेवाइकालाही विचारल्याशिवाय रिपोर्ट न दाखवणारे डॉक्टर गूगलवरच्या रागीट शेऱ्याला उत्तर देताना ‘तुमची शुगर तेव्हा चारशे होती’ असं जाहीरपणे लिहून मोकळे होतात.

उघड्या राहिलेल्या माहितीचे चटके महाराष्ट्राने सोसले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कुणालाही वाचता येतील असे सापडले. त्यांत एचआयव्हीच्या चाचण्यांचेही होते, नावांसकट. नंतर जर्मनीतल्या ग्रीनबोन कंपनीचा अहवाल आला. एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवणारे सर्व्हर कुलूप न लावता इंटरनेटला जोडलेले असतात, हे त्यात दिसलं. आणि २०२० च्या सुरुवातीला जी आकडेवारी पुढे आली, तिच्यात भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. तीन लाखांहून अधिक तपासण्या, त्यांच्या जवळपास सात कोटी प्रतिमा.

आता कायदा आला आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. सुरक्षेत हयगय झाली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. संमती कशी असावी, हे सांगताना कायद्याने उदाहरण दिलंय तेच मुळी वैद्यकीय आहे. टेलिमेडिसिनच्या अ‍ॅपने उपचाराबरोबर फोनमधल्या संपर्कांची यादीही मागितली आणि पेशंटने दोन्हीला होकार दिला, तरी संमती फक्त उपचारापुरती धरायची. कारण उपचाराला संपर्कांची यादी लागत नाही. हा निकष आपल्या आयव्हीएफच्या फॉर्मला लावून बघा. अपॉइंटमेंटची वेळ द्यायला गर्भपाताचा इतिहास लागतो का? नाही लागत. तो डॉक्टरांनी समोर बसवून विचारायचा.

कायद्यातली आणखी एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. माहिती कशासाठी घेतोय ते सांगणारी नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीत. आज दवाखान्यांच्या वेबसाइटवर जी ‘प्रायव्हसी पॉलिसी’ दिसते, ती बहुतेक वेळा दुसरीकडून उचललेली असते. जिल्ह्याच्या गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाच्या पानावर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क वाचायला मिळतात. ते कुणी वाचत नाही, डॉक्टरही नाही.

पण या कायद्यावर मी समाधानी नाही. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ माहितीत वेगळं स्थान दिलं होतं. नव्या कायद्यात तो भेदच नाही. पिझ्झा मागवताना दिलेला पत्ता आणि बायोप्सीचा रिपोर्ट एकाच मापाने मोजले जाणार. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमाखाली निष्काळजीपणामुळे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येत होती. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम जाईल, आणि दंडाची रक्कम जमा होईल ती केंद्र सरकारच्या संचित निधीत. गुपित फुटलेल्या बाईच्या हाती त्यातलं काहीच पडणार नाही. हे चूक आहे, आणि दुरुस्त व्हायला हवं.

तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे आयटीचं खातं नसतं, हे मान्य. पण इथे करायचं काम मोठं नाही. फॉर्ममध्ये नाव, नंबर आणि सोयीची वेळ एवढंच विचारावं. आजारांच्या पानांवरून जाहिरातीचे पिक्सेल काढून टाकावेत. उपचारांच्या नोंदी तीन वर्षं ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, पण ऑनलाइन चौकशी करून जी कधी आलीच नाही, तिची माहिती वर्षानुवर्षं साठवायचं काही कारण नाही, ती पुसावी. एजन्सीशी लेखी करार करावा, आणि पासवर्ड स्वतःच्या हाती ठेवावा.

वाचकांनीही एवढं करावं : मोकळ्या चौकोनात आजार लिहू नये, आणि दवाखान्यात गेल्यावर आपण भरलेला फॉर्म कुठे जातो ते सरळ विचारावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेला विनंती आहे, की सोप्या मराठीतल्या नोटिशीचा एक पानी नमुना आणि फॉर्मचा मसुदा तयार करून तो प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टरकडे पाठवावा. मे २०२७ च्या आत.