कॅमेरा आणि मान

चप्पल घेताना माणूस स्वतःच्या पायाचे माप देतो. पण फिरायला न्यायचा कॅमेरा घेताना मात्र देतो शेजाऱ्याचे! "शेजारच्यांचा २४ मेगापिक्सेलचा आहे ना? मग आम्हाला ४० चा दाखवा," ही मागणी ऐकून दुकानदाराचा चेहरा असा उजळतो, की फ्लॅशची गरजच उरू नये. या मेगापिक्सेल-भक्तीविरुद्ध आमची जाहीर तक्रार आहे.

साधा हिशेब करू. आम्हा बँकेतल्या कारकुनांना तेवढाच येतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बममधला ६ बाय ४ इंची फोटो सुरेख छापायला, इंचाला ३०० ठिपके धरून, २१ लाख ६० हजार पुरतात. भिंतीवर १२ बाय ८ इंची फ्रेम टांगायची, तर ८६ लाख ४० हजार. म्हणजे तुमच्या ४० मेगापिक्सेलमधले तीन कोटींवर ठिपके वारस नसलेल्या ठेवीसारखे पडून! "अहो, पण लांबचा पक्षी कापून मोठा करता येतो!" येतो की, पण त्या कामाला आधी लेन्स हवी.

निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर पाहा. २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेली ही पाणथळ जागा. तिथले पक्षी शहाणे. ते माणसापासून लांब बसतात. अशा वेळी खोक्यावरचा तो 'डिजिटल झूम' म्हणजे फोटोवर धरलेले नुसते भिंग. पक्षी मोठा होतो, पिसे उमटत नाहीत. विचारायचा तो ऑप्टिकल झूम. हलक्या कॅमेऱ्यात तो भरपूर मिळतो, पण आतला सेन्सर बहुधा करंगळीच्या नखाहून लहान, जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा. पहाटेच्या अंधुक उजेडात त्याचे फोटो रव्यासारखे दाणेदार येतात. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर घ्या, पहाट झकास येईल; पण लांब पल्ल्याची लेन्स उचलायला हमाल लागेल. दोन्ही सुखे एका खोक्यात मिळत नाहीत, हे दुकानात कोण सांगतो?

हरिहर किल्ल्यावर जाणाऱ्यांनी तर कॅमेरा तराजूत घालूनच घ्यावा. उभ्या कातळातल्या त्या पायऱ्यांना बोटे रोवायला खोबण्या आहेत. म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. गळ्यात दीड किलोचे धूड असले, तर ते पायरीगणिक मालकाच्या बरगड्या मोजते. माथ्यावरच्या उन्हात मागचा पडदा दिसत नाही, म्हणून डोळा लावायला व्ह्यूफाइंडर हवा. पावसाळ्यात कॅमेऱ्याबरोबर लेन्सही सीलबंद हवी, तीसुद्धा शिंतोड्यांपुरतीच. इगतपुरीच्या सरींपुढे प्लॅस्टिकची पिशवीच खरी!

ही चौकशी न करता घेतलेला महागडा कॅमेरा 'खराब होईल हो' म्हणून सहलीला नेलाच जात नाही. कपाटातल्या दमट हवेत त्याच्या लेन्सला बुरशी धरते आणि फोटो निघतात मोबाईलवर. हप्ते तेवढे वेळच्या वेळी जातात! सोमेश्वरच्या धबधब्यापुढे नुसती घरची मंडळी उभी करायची असतील, तर मोबाईल पुरतो. पैसे वाचवा.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा मागवला आणि आधी टिपले ते मटाराच्या रोपाचे वाढणे. त्याला एका जागी घट्ट बसणारा कॅमेरा लागतो. हरिहरला नेमका उलटा. तेव्हा पक्षी, किल्ला की कुटुंब, एवढे घरीच ठरवावे. मग दुकानदार मेगापिक्सेल मोजू लागला, की शांतपणे म्हणावे, "ते राहू द्या हो. वजन किती, ते सांगा."